उलटा माग

मला गोष्टीचा शेवट आधी हवा असतो. लहानपणी पुस्तक हातात आलं की मी पहिल्यांदा शेवटचं पान वाचायची. परीक्षेहून घरी येताना बाकीच्या मैत्रिणी बोरं खात रमतगमत यायच्या आणि मी रस्त्यातच वही काढून उत्तरं ताडून बघायची. या पोरीला धीर म्हणून नाही, असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अशा मुलीला आयुष्यातलं पहिलं खरं काम मिळालं ते बर्फात उलट्या दिशेने चालायचं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. नागपूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून मी वॉशिंग्टन राज्यातल्या एका विद्यापीठात वन्यजीवांचा अभ्यास करायला आले होते. हे वॉशिंग्टन म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं नव्हे, देशाच्या दुसऱ्या टोकाचं, हे प्रत्येक नातेवाइकाला पत्रातून वेगळं समजावून सांगावं लागे. दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी मला डोंगरापलीकडच्या एका राखीव जंगलात लिंक्स मोजायच्या कामावर पाठवलं. लिंक्स म्हणजे कुत्र्याएवढं मोठं रानमांजर, राखाडी, कानांच्या टोकांना काळे केस, आखूड शेपटी आणि अंगाच्या मानाने अवाढव्य पंजे. त्या पंजांमुळे ते भुसभुशीत बर्फावरूनही न बुडता चालतं. मी मात्र पहिल्या दिवशी दर दहा पावलांना मांडीपर्यंत आत जात होते.

मोजायचं म्हणजे काय, तर दिसत नाही ते मोजायचं. लिंक्स डोळ्यांना दिसण्यावर तिथे कुणाचा विश्वासच नव्हता. लोक येऊन सांगायचे, मला लिंक्स दिसलं, आणि ते निघायचं बॉबकॅट, म्हणजे लिंक्सचा धाकटा भाऊ शोभेल असं दुसरं रानमांजर, किंवा शेजारणीचा गलेलठ्ठ बोका. म्हणून नियम असा की पाहिलेलं धरायचं नाही. केस पाहिजे, विष्ठा पाहिजे, नाहीतर ठशांचा मोजपट्टीसकट फोटो पाहिजे. केस मिळवण्यासाठी आम्ही झाडाच्या खोडावर मांजराच्या गालाच्या उंचीला गालिच्याचे छोटे तुकडे ठोकायचो. त्यात उलटे खिळे बसवलेले असायचे आणि वर वासाचं एक औषध चोपडलेलं असायचं. शेजारच्या फांदीला अ‍ॅल्युमिनियमची ताटली दोऱ्याने टांगायची. ती वाऱ्यावर लकलकली की मांजर बघायला येतं, वासाने खूश होऊन गाल घासतं आणि चार केस खिळ्यांत ठेवून जातं. मांजराची जात, घरची असो की रानातली, कुतूहलापुढे लाचार असते, आणि हे ऐकून मला त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला.

हे सगळं मला शिकवलं ते आजोबांनी. ते माझे कुणी नव्हते. त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहणारे, सत्तरीला टेकलेले, उंच आणि कमी बोलणारे गृहस्थ होते, आणि आमच्या प्रकल्पाने त्यांना जंगलातला वाटाड्या म्हणून घेतलं होतं. मला नावाने हाक मार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. अमेरिकेत येऊन वर्ष झालं तरी एवढ्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नव्हती. मग मी समोर काहीच न म्हणता काम चालवायची आणि मनातल्या मनात आजोबा म्हणायची.

त्यांचं वासाचं औषध ते स्वतः बनवत आणि त्यात काय आहे ते कुणाला सांगत नसत. पहिल्यांदा त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं तेव्हा बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या मोठ्या उंदरासारख्या प्राण्याच्या ग्रंथींचा तेलकट दर्प आला, त्यामागून काहीतरी पुदिन्यासारखं आलं, आणि त्याच्याही मागून जे आलं त्याने मी एकदम आमच्या स्वयंपाकघरात पोचले. मी म्हणाले, यात हिंग आहे. आजोबांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुला कुणी सांगितलं म्हणून विचारलं. आम्ही रोज वरणात घालतो, असं मी सांगितल्यावर त्यांनी बाटली पुन्हा नाकाशी नेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझी डबी नेऊन दाखवली. त्यांनी वास घेतला, आपल्या मालापेक्षा ताजा आहे असं कबूल केलं, आणि त्या दिवसापासून माझ्याशी जरा जास्त बोलायला लागले.

बोलायला लागले म्हणूनच मला कळलं की तरुणपणी ते सापळे लावायचे. तेव्हा ते कायदेशीर होतं आणि कातड्याला भाव होता. ज्या दरीत आम्ही आता ताटल्या टांगत होतो तीच त्यांची सापळ्यांची दरी होती. एकदा ट्रक चालवता चालवता त्यांनी हे सांगितलं, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं. एका हिवाळ्यात या दरीत त्यांना एक लिंक्स मिळालं, आणि त्यानंतर त्यांनाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

"इथलं शेवटचं मीच घेतलं असावं," ते म्हणाले.

मी खिडकीबाहेर बघत बसले.

आमच्या यादीत बऱ्याच दऱ्या होत्या. बाकीच्यांत कुठे ना कुठे काही सापडत होतं. या एका दरीत मागच्या हिवाळ्यात काहीच मिळालं नव्हतं, आणि या हिवाळ्यातही काही मिळालं नाही तर पुढच्या वर्षी ती नकाशातून काढू, असं प्राध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचंही बरोबर होतं. माणसं दोन, हिवाळा एवढासा, रिकाम्या जागेत किती दिवस हिंडायचं? पण आजोबांना ती रिकामी आहे की नाही हे कळायला हवं होतं. ते तसं बोलून दाखवत नसत. फक्त त्या दरीतले तुकडे ते स्वतः ठोकायचे, मला हात लावू देत नसत, आणि तिथल्या फेरीला घरून निघताना दाढी करून यायचे.

आता उलटं चालायचा नियम सांगते. लिंक्सचा माग सापडला, तर ते जिकडे गेलं तिकडे जायचं नाही. ते जिकडून आलं तिकडे जायचं. जनावर जिथे बसलं, निजलं, ससा खाल्ला, खोडाला अंग घासलं, ते सगळं मागे राहिलेलं असतं आणि केसही तिथेच असतात. पुढे गेलात तर तुम्ही त्याच्या पाठीवर जाता, ते उठतं, पळतं, आणि कडाक्याच्या थंडीत पोटात अर्धा ससा असलेल्या जनावराला पळणं परवडत नाही. हे ऐकताना मी मान डोलावली, पण पाय माझे नागझिऱ्यात शिकलेले होते. एम.एस्सी.ला असताना उन्हाळ्यात वाघांच्या मोजणीला मी दोनदा गेले होते. तिथे वनरक्षकामागून धुळीतले पंजे बघत पुढे पुढेच जायचं, पाणवठ्यापर्यंत. पुढे वाघ असेल या कल्पनेनेच अर्धा उन्हाळा मजेत जायचा. मागे चालायचं म्हणजे मला जेवून उठल्यावर पानात काय वाढलं होतं ते बघण्यातला प्रकार वाटायचा.

महिन्यातून एक रविवार मी घाट उतरून बेलव्ह्यू शहरात जायची. तिथे बाबांच्या जुन्या मित्राचं घर होतं. काका एका सॉफ्टवेअर कंपनीत होते, काकू बँकेत, आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर द्यायचा. आमच्या समाजातली दहाबारा कुटुंबं तिथे महिन्याच्या बुद्धवंदनेला जमत. बहुतेक सगळे कॉम्प्युटरवाले, आणि मी एकटी बर्फातली. काका मला प्रत्येक नव्या पाहुण्याशी ओळख करून देताना म्हणायचे, "ही आपली वाघांच्या गावची मुलगी, इथे येऊन मांजरं मोजते यार." सगळे हसायचे, मीही हसायची. मग कुणीतरी विचारायचं, किती झाली मोजून, आणि मला सांगावं लागायचं की अजून एकही दिसलेलं नाही. काकू लगेच माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकायच्या.

त्या दरीतली शेवटची फेरी मार्चमध्ये होती. बर्फ आता दुपारी मऊ पडायला लागला होता, आठवड्याभरात त्याच्यावर काहीही वाचता येणार नव्हतं. तुकडे उपटून आणायचे, ताटल्या उतरवायच्या, दरी बंद, एवढंच काम. पहिल्या चार झाडांवर काही नव्हतं. एकावर हरणाचे दोन केस होते. आजोबांनी तेही नीट पाकिटात घालून वर पेन्सिलीने लिहिलं. मला त्यांच्या पाठीकडे बघवत नव्हतं.

पाचव्या झाडाच्या अलीकडे, पायवाट जिथे ओढ्याच्या कडेने वळते तिथे, आजोबा थांबले आणि त्यांनी हात मागे करून मलाही थांबवलं.

बर्फावर ठसे होते. आडवे, वाट ओलांडून गेलेले. मोठे, गोल, कडा केसांनी पुसट झालेल्या, आणि इतके उथळ की वाटावं कुणीतरी वरून अलगद ठेवलेत. शेजारी माझं स्वतःचं पाऊल बर्फात चालायच्या रुंद जाळ्या, स्नोशूज, घालूनही वीतभर आत गेलेलं होतं. तिथला कोल्हा, कोयोटी, नाही, बॉबकॅट नाही, हे मलाही कळत होतं, पण आजोबा तसं म्हणेपर्यंत मी तोंड उघडणार नव्हते. ते गुडघ्यावर बसले. मोजपट्टी ठेवली, कॅमेरा काढला, फोटो घेतले. बर्फ मऊ होता, कडा वितळायला लागल्या होत्या, त्यामुळे नुसत्या फोटोवर कुणी शिक्कामोर्तब करणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

त्यांनी कामं वाटून दिली. माग चढावरून आला होता. ते तो उलटा धरून वर जाणार, मी वाटेने पुढे जाऊन उरलेली दोन झाडं उरकायची, आणि दीड तासाने खाली ओढ्याच्या पुलाशी भेटायचं. रेडिओ दोघांकडे होता, कॅमेरा त्यांच्याकडे राहिला. जाता जाता त्यांनी खालच्या बाजूला गेलेल्या ठशांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वर चढायला लागले.

मी शंभर पावलं तरी इमानाने वाटेवरून चालले. शपथेवर सांगते. पण वाट वळली आणि ते ठसे खालून पुन्हा वाटेवर आले. माझ्याच वाटेवर, माझ्याच दिशेला जाणारे. मी स्वतःला सांगितलं की मी माग काढत नाहीये, मी आपली वाटेने जातेय, ते माझ्यापुढे चालतंय त्याला मी काय करू? पुढे ठशांनी वाट सोडली आणि ते फरच्या सूचिपर्णी झाडांत शिरले. तिथे मी थांबायला हवं होतं. माझं काम डावीकडे होतं, ठसे उजवीकडे गेले होते, आणि एका ठशात बर्फाचे कण अजून कडेवरून आत घरंगळत होते. ते बघितल्यावर माझ्या डोक्यातून आजोबा, प्राध्यापक, नियम सगळे एकदम पसार झाले. मी उजवीकडे वळले.

किती चालले ते सांगता येणार नाही. फार नसेल. झाडं विरळ झाली, समोर एक मोकळा तुकडा आला, आणि त्याच्या पलीकडच्या कडेने ते चाललं होतं.

इतकी वर्षं झाली, मुलं मोठी झाली, पण ते चाललेलं मला डोळे मिटले की दिसतं. ते पळत नव्हतं. घाई म्हणून नव्हती त्याला. एका आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशी पोचलं, थांबलं, मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. पिवळसर डोळे, गालांवर दोन्हीकडे लोंबणारी केसांची झालर, कानांवरचे ते काळे झुपके. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मोठ्याने ओरडून कुणाला तरी बोलवावंसं वाटत होतं. मग त्याने मान परत वळवली, ओंडक्यावर चढलं, त्याच्यावरून टोकापर्यंत चालत गेलं, खाली उतरलं आणि झाडांत गेलं. दहाबारा सेकंद असतील. त्यानंतर मी तिथेच बर्फात बसून घेतलं.

आनंद ओसरायला पाच मिनिटं लागली, आणि मग मला मागे वळून स्वतःची पावलं दिसली. लिंक्सच्या नाजूक ठशांवरून माझ्या स्नोशूजचे दोन टोपल्यांएवढे खड्डे, सरळ, एकही चुकवून नाही. बर्फावर खोटं बोलता येत नाही. धावतपळत जाऊन मी ती दोन झाडं उरकली, तिथेही काही नव्हतं, आणि पुलाशी जाऊन उभी राहिले. काय सांगायचं याची मी तीनदा जुळवाजुळव केली.

आजोबा आले ते वाटेने आले. म्हणजे त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी एकच विचारलं, कुठपर्यंत गेलीस? मी म्हणाले, ओंडक्यापर्यंत. ते पळालं का? मी म्हणाले, नाही. त्यांनी मान हलवली. तू त्याला उठवलंस, ते म्हणाले, आवाज न चढवता, आणि ते आवाज न चढवणं मला फार लागलं. ओशाळून मी मान खाली घातली. पण माझा स्वभाव तो, ओशाळलेपण मला दोन मिनिटांवर टिकवता येत नाही. माझ्या तोंडून निघून गेलंच की मी पाहिलं, मी प्रत्यक्ष पाहिलं, ते असं...

त्यांनी हात वर केला.

"मला सांगू नकोस," ते म्हणाले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढून दाखवलं. वर, एका फरच्या झाडाखाली, लिंक्स रात्रभर निजलं होतं ती जागा त्यांना मिळाली होती. अंगाच्या उबेने बर्फ वितळून पुन्हा गोठला होता आणि त्यात केस चिकटले होते. सहा होते, मुळांसकट. "आधी हे काय म्हणतात ते ऐकू."

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये माझ्या पोटात एवढी मोठी गोष्ट आणि शेजारच्या माणसाला ती ऐकायची नाही. मला त्यांचा राग आला. खरंच आला. शिक्षा म्हणून करतायत असं वाटलं. घरी जाऊन मी नोंदीचा कागद भरला. प्रत्यक्ष दिसण्यासाठी त्यात रकानाच नव्हता, म्हणून शेऱ्याच्या ओळीत लिहिलं, एक लिंक्स, चालताना. प्राध्यापकांनी तो कागद वाचला, शेऱ्यापाशी हसले, आणि केस प्रयोगशाळेत पाठवून दिले.

मग मी सगळ्या जगाला सांगितलं. बेलव्ह्यूला त्या रविवारी मी एकच गोष्ट चार वेळा सांगितली. काकूंनी दूर नेपरव्हिलला राहणाऱ्या बहिणीला फोन लावून माझ्या हातात रिसीव्हर दिला, तिलाही सांगितली. मुलाने विचारलं, "डिड इट लुक ॲट यू?" आणि मी हो म्हटल्यावर तो टेबलाखाली जाऊन लिंक्स झाला, जेवायला बाहेर यायला तयार होईना. सगळ्यांनी ऐकलं, कौतुक केलं. फक्त ज्याला सांगायचं होतं तो माणूस डोंगरापलीकडे होता आणि त्याला ऐकायचं नव्हतं. त्यात काका सहज म्हणून गेले, "पण बॉबकॅट नसेल कशावरून?" तेव्हा मी ठसक्यात उत्तर दिलं. नंतर मात्र माझं मलाच कळेना. लिंक्सच्या शेपटीचं टोक सगळीकडून काळं असतं, बॉबकॅटचं नुसतं वरून; मी पाहिलं ते कसं होतं? जितकी आठवू तितकी ती शेपटी पुसट होत गेली. हिवाळ्याचं काम संपवून मी विद्यापीठात परतले होते, आणि चार आठवडे मी रोज प्राध्यापकांच्या दारावरून मुद्दाम जात होते. शेवटी त्यांनी हात टेकले आणि आल्यावर मीच तुला शोधत येईन, असं सांगितलं.

ते शोधत आले तेव्हा एप्रिल अर्धा झाला होता. जयंतीच्या कार्यक्रमासाठी मी बेलव्ह्यूला जायला बॅग भरत होते. प्रयोगशाळेचा कागद एका पानाचा होता. नमुना कुठला, प्राणी कोणता. लिंक्स. मी तो कागद घेतला, काकूंना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, कारण विचारल्यावर तेही सांगितलं. काकू म्हणाल्या, मग इथे काय करतेयस, जा आधी. मैत्रिणीची गाडी मागून घेतली आणि चार तास घाट चढत उतरत गेले. बातमी फोनवरही देता आली असती. ते मला डोंगर ओलांडल्यावर सुचलं.

आजोबा अंगणात लाकडं फोडत होते. बर्फ गेला होता, सगळीकडे चिखल होता. मला बघून त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं, कागद उलटून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं, पुन्हा वाचलं. मग लाकडाच्या ढिगावर बसले. मी शेजारी उभी राहिले. मला वाटलं ते हसतील. ते नुसते कागदाची घडी घालत राहिले, लहान, आणखी लहान.

"आता सांग," ते म्हणाले.

मी विचारलं, काय?

"काय पाहिलंस ते."

पाच आठवडे हा माणूस थांबला होता. मला शिक्षा करायला नाही. आधी ऐकून घेतलं असतं आणि मग कागदावर बॉबकॅट आलं असतं, तर ते त्यांना सोसलं नसतं. मी सुरुवात केली ती घाईघाईने, नोंद वाचून दाखवावी तशी, कान, झुपके, गालांची झालर, शेपटी. त्यांनी मला अडवलं. ते सगळं त्यांना माहीत होतं.

"मी जितकी पाहिली तितकी सापळ्यात पाहिली," ते म्हणाले. "पाय अडकलेली. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात, हे मला ठाऊक आहे. कातडं काढताना मी ते हातात धरलेत. पण ते चालताना कसं दिसतं?"

मला शब्दांनी सांगता येईना. मराठीत आलं असतं कदाचित, इंग्रजीत येईना. मी कोट काढला, चिखलात दोन्ही हात टेकले, कंबर खांद्यांच्या वर उचलली आणि चालायला लागले. असं, मी म्हणाले, मागची बाजू उंच, सपाट जागेवरसुद्धा उतारावरून येतंय असं वाटतं. डोकं खाली. पाय टाकायची घाई नाही, एक ठेवायचा, मग दुसरा. रस्त्यावरून जाणारा एक पिकअप हळू झाला आणि पुन्हा निघून गेला. मी अंगणाच्या टोकाला पोचले, ते ओंडक्यापाशी थांबलं होतं तसं थांबले आणि मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते उभे राहिले होते आणि टोपी त्यांच्या हातात होती.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग चालत निघून गेलं."

ते माझ्या हातांकडे आणि त्यामागे चिखलात उमटलेल्या खुणांकडे बघत राहिले. मग म्हणाले, पुन्हा एकदा दाखव. मी वळले, आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागले.